गावाच्या पाण्याची मोटर परक्यानेच बंद केली तर? यंत्रांवरचे सायबर हल्ले आणि गावाने घ्यायची काळजी

२०२३ च्या अखेरीस आयर्लंड देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एरिस भागात सुमारे १८० घरांच्या नळाला दोन दिवस पाणी आलं नाही. पाईपलाईन फुटली नव्हती, मोटर जळली नव्हती, लाईटही गेली नव्हती. पाणी सोडणाऱ्या यंत्रणेत इंटरनेटवरून कुणीतरी घुसलं होतं. आणि ही काही मोठ्या शहराची योजना नव्हती. तिथल्या रहिवाशांनी मिळून चालवलेली छोटी पाणी योजना होती, आपल्याकडे गावची पाणीपुरवठा समिती चालवते तशी.

त्या गावाचं कुणाशी भांडण नव्हतं. पंपावर बसवलेलं कंट्रोलचं यंत्र इस्रायलमध्ये बनलेलं होतं आणि हल्ला करणाऱ्यांचा राग इस्रायलवर होता. नळ कोरडे पडले ते मात्र आयर्लंडमधल्या गावकऱ्यांचे. म्हणूनच 'आमच्या खेड्यातल्या टाकीशी कुणाला काय देणंघेणं?' हा प्रश्न इथे कामाचा नाही. असे चोर गाव निवडत नाहीत, उघडं दार शोधतात.

आज गावोगावी पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र, दूध शीतकरण केंद्र, साखर कारखाना, इतकंच काय, शेतातली मोटरसुद्धा मोबाईलवरून आणि इंटरनेटवरून चालवायची सोय येत आहे. सोय चांगलीच आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जायचा त्रास वाचतो. पण दार आपल्यासाठी उघडलं की ते दुसऱ्यासाठीही उघडं राहू शकतं. हे दार बंद कसं ठेवायचं, हे समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

ही यंत्रणा म्हणजे नेमकं काय?

पूर्वी पाणी सोडणारा माणूस जॅकवेलवर जाऊन मोटर चालू करायचा, टाकी भरली की नाही ते बघायचा आणि मग व्हॉल्व्ह फिरवायचा. आता हेच काम बऱ्याच ठिकाणी यंत्र करतं. टाकीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर असतो. तो पॅनेलमधल्या एका छोट्या डब्याला पातळी कळवतो. हा डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, त्याला 'पीएलसी' म्हणतात. 'पाणी खाली गेलं की मोटर चालू कर, टाकी भरली की बंद कर' एवढा हुकूम त्याला दिलेला असतो. असे अनेक डबे एका जागी बसून स्क्रीनवर बघता आणि चालवता येतात, त्या व्यवस्थेला 'स्काडा' म्हणतात.

वीज उपकेंद्रातले ब्रेकर, कारखान्याचा बॉयलर, दूध तापवून थंड करणारी यंत्रं, मोठ्या धरणांचे दरवाजे, सगळीकडे कमी-जास्त फरकाने हाच प्रकार असतो.

बँक खात्यावर डल्ला पडला तर पैसे जातात. इथे मात्र यंत्राचा दांडाच दुसऱ्याच्या हातात जातो. मोटर कोरडी चालून जळू शकते, टाकी ओसंडून वाहू शकते, पाण्यात औषध कमी-जास्त पडू शकतं, ऐन परीक्षेच्या किंवा पेरणीच्या दिवसांत लाईट जाऊ शकते.

ही यंत्रं इतकी भोळी का?

कारण ती ज्या काळात घडली, तेव्हा त्यांना इंटरनेट ठाऊकच नव्हतं. कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी ज्या भाषांत बोलतात, त्यातली एक फार वापरली जाणारी भाषा म्हणजे 'मॉडबस'. ती १९७९ सालची आहे. मूळ मॉडबसमध्ये हुकूम कोण देतंय हे विचारायची सोयच नाही. हुकूम आला की यंत्र तो पाळतं. यंत्र चार भिंतींच्या आत, कुलूपबंद खोलीत होतं तोवर त्यात काही बिघडत नव्हतं. त्याच यंत्राला सिम कार्ड आणि राऊटर जोडला की खोलीचं कुलूप असून नसल्यासारखं होतं.

दुसरी अडचण अपडेटची. मोबाईलला अपडेट आलं की आपण तो रात्रभर चार्जिंगला लावून मोकळे होतो. बॉयलर पेटलेला असताना किंवा गाळप ऐन भरात असताना तिथला कॉम्प्युटर बंद करून अपडेट करता येत नाही. म्हणून ही यंत्रं वर्षानुवर्षं जुन्याच सॉफ्टवेअरवर चालत राहतात.

चोर आत येतो कुठून?

जगात आजवर घडलेल्या मोठ्या घटना पाहिल्या तर चोराच्या वाटा ठरलेल्या दिसतात. त्यातल्या चार समजून घेतल्या तरी पुरे.

पहिली वाट, कंपनीचाच पासवर्ड. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात ॲलिक्विपा नावाच्या छोट्या गावी पाण्याचा दाब वाढवणाऱ्या पंपघरावर हल्ला झाला. यंत्राच्या स्क्रीनवर 'तुम्ही हॅक झाला आहात' अशा अर्थाचा मजकूर झळकला. यंत्र एरिससारखंच इस्रायली बनावटीचं होतं. हा हल्ला इराणच्या लष्कराशी जोडलेल्या टोळीने केल्याचं अमेरिकी यंत्रणांनी सांगितलं. नंतर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ही यंत्रं वापरणाऱ्या सगळ्यांना बजावलं, की यंत्रं थेट इंटरनेटला जोडू नका आणि कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. तो पासवर्ड होता '११११'. चार वेळा एकाच आकड्याचं बटण दाबायचं, झालं काम! एवढ्या महागड्या यंत्राला एवढंसंच कुलूप.

दुसरी वाट, जुन्या माणसाकडे राहिलेली किल्ली. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात मारूची भागातले सांडपाण्याचे पंप आपोआप बंद पडायला लागले. आधी सगळ्यांना तांत्रिक बिघाडच वाटला. प्रत्यक्षात ही यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीचा एक माजी कर्मचारी गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरत होता आणि पंपांना खोटे हुकूम सोडत होता. त्याने स्थानिक पालिकेत नोकरी मागितली होती, ती मिळाली नव्हती. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्याने किमान ४६ वेळा असा घोळ घातला. सुमारे ८ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरलं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. हा माणूस कुठल्या परदेशातून आला नव्हता. यंत्रणा आतून ओळखणारा होता.

तिसरी वाट, ऑफिसचा ईमेल. २३ डिसेंबर २०१५, युक्रेन. ऐन हिवाळ्यात तीन वीज वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. त्याच्या काही महिने आधी कंपनीतल्या लोकांना साधे दिसणारे ईमेल आले होते, सोबत एक फाईल. कुणीतरी ती उघडली आणि 'परवानगी द्या' असं आलेलं बटण दाबलं. तिथून चोर ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. ते लगेच काही बोलले नाहीत, महिनोन्‌महिने गुपचूप बसून पासवर्ड गोळा करत राहिले. ठरलेल्या दिवशी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा माऊसचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर पडत गेला. ऑपरेटरला काही करता येईना. त्याच वेळी कंपनीच्या तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा भडिमार केला, म्हणजे खऱ्या ग्राहकांचे फोन लागूच नयेत.

चौथी वाट, पेनड्राइव्ह. काही जण म्हणतील, आमचं यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही, मग भीती कशाची? इराणमधला नतांझचा युरेनियम प्रकल्पही इंटरनेटला जोडलेला नव्हता. तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' नावाचा व्हायरस तिथे पोचला. तो पेनड्राइव्हमधून आत गेला असं मानलं जातं. त्याने फिरणाऱ्या यंत्रांचा वेग गुपचूप बदलला, आणि वर कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर मात्र 'सगळं ठीक आहे' असंच दाखवत ठेवलं. यंत्रं बिघडत होती आणि स्क्रीनवरचे आकडे व्यवस्थित दिसत होते.

यातून गावच्या पाणी कर्मचाऱ्यानेही एक गोष्ट घ्यावी. स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये दिसतं तेच खरं, असं समजू नये. टाकीवरची पट्टी, पाईपवरचा दाब दाखवणारा काटा, मोटरचा आवाज या गोष्टी अधूनमधून स्वतः जाऊन बघाव्यात.

वाचवलं कुणी? हाताने चालवणाऱ्याने

या घटनांमध्ये आणखी एक गोष्ट सारखी आहे, पण तिच्याकडे कमी लक्ष जातं.

ॲलिक्विपात यंत्र बंद पडल्याबरोबर अलार्म वाजला. कर्मचाऱ्यांनी ते बाजूला काढून पंप हाताने चालवायला घेतले. लोकांचं पाणी एक दिवसही तुटलं नाही. २०२४ च्या जानेवारीत टेक्सास राज्यातल्या मुलशू या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात पाण्याची टाकी अर्धा-पाऊण तास ओसंडून वाहिली, कारण यंत्रणा दुसऱ्याच्या ताब्यात गेली होती. तिथेही माणसांनी यंत्र तोडून काम हातात घेतलं. युक्रेनमध्ये कंपनीचे लोक गाड्या काढून एकेका उपकेंद्रावर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर चढवले. काही तासांत वीज आली. मात्र तिथले कॉम्प्युटर इतके खराब केले होते, की पुढे दोन महिन्यांहून जास्त काळ बरंच काम हातानेच करावं लागलं.

आपल्याकडे यंत्रणा 'ऑटो' झाली की पहिला विचार येतो तो जुना माणूस कमी करायचा. पॅनेलवरचा 'ऑटो-मॅन्युअल' स्विच गंजून जातो, कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे एकाच म्हाताऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त झाला की ती माहितीही जाते. हल्ला राहू द्या, साधा बिघाड झाला तरी गाव तीन दिवस टँकरची वाट बघतं. म्हणून यंत्र कितीही शहाणं आलं तरी ते हाताने चालवता येणारी किमान दोन माणसं गावात असायलाच हवीत.

आपल्याकडे काय स्थिती?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कामकाज ठप्प झालं. पुढे मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र तो सायबर हल्ला नसून मानवी चूक होती असं सांगितलं. दोन सरकारांचं म्हणणं वेगळं राहिलं. पण एका जागची यंत्रणा कोलमडली की किती माणसं अडकतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

२०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या एका कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला, हे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं. तो कॉम्प्युटर कार्यालयीन कामाच्या नेटवर्कवर होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा त्यापासून वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असं महामंडळाने सांगितलं. ऑफिसचं नेटवर्क आणि यंत्राचं नेटवर्क वेगळं ठेवायचं ते याचसाठी. गोठ्याला आग लागली तरी घर वाचावं म्हणून मध्ये अंतर ठेवतात, तसंच हे.

वीज, वाहतूक, बँका अशा देशाच्या महत्त्वाच्या यंत्रणांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१४ मध्ये 'एनसीआयआयपीसी' ही संस्था नेमली. सायबर हल्ल्यांची खबर घेणारी 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून काम करते. २०२२ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायचं आहे. स्काडासारख्या यंत्रणांवरचे हल्लेही त्यात येतात. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय वीज प्राधिकरणाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली. मोठ्यांसाठी नियम आहेत. गावच्या टाकीवर मात्र रोज लक्ष ठेवायला दिल्लीहून कुणी येणार नाही. ते गावालाच बघायचं आहे.

ग्रामसभेत विचारा हे सात प्रश्न

गावात स्वयंचलित पाणी योजना असेल किंवा येणार असेल, तर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ठेकेदाराला हे प्रश्न जरूर विचारा.

१. यंत्र बसवताना कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला का? नवा पासवर्ड कुणाकडे आहे? तो पॅनेलच्या दारावर खडूने लिहून ठेवलेला नाही ना?

२. ही यंत्रणा थेट इंटरनेटला जोडली आहे का? गरज नसेल तर जोडूच नका. गरज असेल तर मध्ये सुरक्षेची सोय काय केली आहे, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.

३. काम संपल्यावर ठेकेदाराच्या माणसांचं लॉगिन बंद केलं का? दुरुस्तीसाठी लांबून बघायची सोय दिली असेल तर ती कायम चालू ठेवू नका. काम निघालं की चालू, काम झालं की बंद.

४. कर्मचारी बदलला किंवा नोकरी सोडून गेला, तर त्याच दिवशी पासवर्ड आणि नोंदवलेले मोबाईल नंबर बदलतात का?

५. यंत्रणेच्या कॉम्प्युटरवर कुणी सिनेमे, गाणी, व्हॉट्सॲप तर चालवत नाही ना? बाहेरचा पेनड्राइव्ह लावतात का?

६. यंत्रणेच्या प्रोग्रामची कॉपी वेगळी जपून ठेवली आहे का? नसेल तर यंत्र बिघडल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि त्याचं बिल ग्रामपंचायतीलाच येईल.

७. यंत्र बंद पडलं तर पाणी हाताने सोडता येणारी माणसं कोण? महिन्यातून एकदा तरी ते करून बघतात का? व्हॉल्व्हचा नकाशा कागदावर आहे का?

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती नोंदवही आणि एक जबाबदार माणूस.

शेतातल्या मोबाईल स्टार्टरचं काय?

विहिरीवरचा स्टार्टर मोबाईलवरून चालू-बंद करत असाल तर तुमच्याही हातात अशाच यंत्रणेचं छोटं रूप आहे. अशा अनेक स्टार्टरमध्ये ठराविक नंबरच चालतील अशी नोंद करता येते. ती करून घ्या, नाहीतर स्टार्टरचा नंबर माहीत असलेला कुणीही मोटर चालू करू शकेल. सोबत आलेला पासवर्ड बदला. स्टार्टरच्या सिमचा नंबर गावभर वाटू नका. ॲप वापरत असाल तर ते कंपनीने सांगितलेल्या ठिकाणाहूनच घ्या, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल टाकू नका. आणि कोरडी मोटर आपोआप बंद करणारी सोय पॅनेलमध्येच बसवून घ्या. मग हुकूम चुकीचा आला, तरी मोटर वाचेल.

संशय आला तर काय करायचं?

आधी हे लक्षात ठेवा, की प्रत्येक बिघाड हा हल्ला नसतो. बहुतेक वेळा गाळ, कमी दाबाची वीज, उंदराने कुरतडलेली वायर हेच कारण निघतं. पण मोटर वेळी-अवेळी आपोआप चालू-बंद होत असेल, स्क्रीनवर अनोळखी मजकूर दिसत असेल, पासवर्ड अचानक चालेनासा झाला असेल किंवा बाण आपोआप फिरत असेल, तर वेळ घालवू नका.

यंत्र 'मॅन्युअल'वर घ्या. इंटरनेटची वायर किंवा सिम काढा. स्क्रीनचा फोटो घ्या आणि वेळ लिहून ठेवा. कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, त्याने पुरावा जातो. मग यंत्रणा बसवणारा ठेकेदार, पाणीपुरवठा विभाग आणि पोलीस ठाणं यांना कळवा. सर्ट-इनकडे खबर ग्रामपंचायतीने पाठवावी. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. पाण्यात औषध जास्त पडल्याचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, दवंडी देऊन किंवा गावच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना सांगा.

गावात नवी यंत्रणा बसली की नारळ फुटतो, फोटो निघतात. त्याच दिवशी पासवर्ड बदलून घ्यायला आणि हाताने पाणी कसं सोडायचं हे दोघा-तिघांना शिकवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास काढल्याशिवाय ठेकेदाराच्या कागदावर सही करू नका.